परसबागेतील भाजीपाला: खत आणि फवारणीच्या आधी पाणी

मृद्गंध (धागालेखन)

घरामागच्या जागेत भाजीपाला लावणाऱ्या कुटुंबांकडून तीन प्रश्न हमखास विचारले जातात. पाने पिवळी पडत आहेत, कोणते खत घालावे. फुले गळत आहेत, कशाची फवारणी करावी. आणि कालपर्यंत टवटवीत असलेल्या रोपांनी अचानक माना टाकल्या, हा कोणता रोग. तिन्ही प्रश्नांत खत, औषध आणि रोग आधीच गृहीत धरलेले आहेत. माझे मत असे आहे, आणि ते मी आग्रहाने मांडणार आहे, की परसबागेतील पुष्कळ तक्रारींचे मूळ पाण्यात असते, आणि पाणी कमी पडण्यापेक्षा ते जास्त होण्यातच अधिक वेळा असते.

याचे कारण परसबागेच्या स्वरूपातच आहे. शेताला पाणी देण्यास कष्ट पडतात, म्हणून ते बेताने दिले जाते. घरामागे मात्र नळ हाताशी असतो आणि बागेवर जीव असणारी माणसे तीन-चार असतात. सकाळी एक जण पाणी घालतो, दुपारी शाळेतून आलेले मूल हौसेने झारी रिकामी करते आणि संध्याकाळी आजींना पाने मलूल दिसली की त्या आणखी एक बादली ओततात. प्रत्येकाने पाणी एकदाच दिलेले असते. वाफ्याला मात्र ते तीनदा मिळालेले असते.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. चांगल्या मातीच्या आकारमानाचा सुमारे निम्मा भाग कणांमधल्या पोकळ्यांचा असतो आणि माती वाफशावर, म्हणजे धड कोरडी नाही आणि धड चिखलही नाही अशा ओलाव्यावर, असताना त्या पोकळ्यांपैकी साधारण निम्म्यांत पाणी व उरलेल्यांत हवा असते. सतत पाणी दिल्याने सगळ्या पोकळ्या भरल्या की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, आणि प्राणवायूवाचून मुळे पाणीही नीट शोषू शकत नाहीत. म्हणजे भोवती चिखल असताना रोप तहानलेले राहते आणि माना टाकते. ते पाहून आपण पुन्हा पाणी देतो, आणि मग जमिनीतल्या बुरशीला मुळे कुजवायला जेमतेम काही दिवस लागतात. पाणथळ मातीतील नत्राचा काही भाग जिवाणूंच्या क्रियेमुळे वायुरूपाने उडून जातो, त्यामुळे खालची पाने पिवळी पडतात आणि नत्राची कमतरता असल्याचे निदान होते. निदान अगदीच चुकीचे नसते, परंतु त्यावर खत हा उपाय नसतो.

वाफसा ओळखण्यासाठी उपकरणाची गरज नाही. वाफ्याच्या मध्यभागी खुरप्याने दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन मूठभर माती काढावी आणि दाबावी. गोळा होऊन अंगठ्याच्या हलक्या दाबाने तो फुटला, तर वाफसा आहे आणि पाण्याची गरज नाही. हाताला चिखल चिकटला, तर दोन दिवस वाफ्याकडे फिरकू नये. गोळाच झाला नाही, तर पाणी द्यावे. रेताड माती वाफशावर असतानाही घट्ट गोळा धरत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. तिथे हाताला लागणारा गारवा हीच खूण मानावी.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल, तर सौम्य हवामानात पूर्ण वाढलेल्या भाजीपाल्याला आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी पुरते, म्हणजे एका चौरस मीटरला २५ लिटर. कडक उन्हात आणि वाऱ्यात ही गरज बरीच वाढते, पाऊस झाला तर तेवढी वजा करावी लागते. हे पाणी रोज थोडे थोडे शिंपडण्याऐवजी दोन वेळा खोलवर मुरेल असे दिले, तर मुळे खाली जातात. रेताड जमिनीत तेच तीन-चार हप्त्यांत द्यावे. नुकतेच पेरलेले बी आणि कोवळी रोपे यांना हा नियम लागू नाही, कारण त्यांची मुळे वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांतच असतात आणि तेवढा थर ओलसर ठेवावाच लागतो.

माझी पहिली सूचना म्हणून अगदी साधी आहे: घरातील एकाच व्यक्तीने पाण्याची जबाबदारी घ्यावी, आणि ती बदलायची झाल्यास आठवड्याने बदलावी. बाकीच्यांनी खुरपणी, तोडणी, आच्छादन, वेलींना आधार देणे अशी कितीतरी कामे वाटून घ्यावीत.

वेलमांडव

मृद्गंध, पाण्याविषयी तुम्ही लिहिले ते मला मान्य आहे. परंतु पहिला क्रमांक मी उन्हाला देईन. पाणी उद्यापासून सुधारता येते, घर आणि भिंत हलवता येत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, भोपळे या फळभाज्यांना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे, आठ मिळाले तर उत्तम. पालेभाज्यांचे तीन-चार तासांत भागते, आणि कडक उन्हाच्या दिवसांत दुपारची सावली त्यांच्या पथ्यावरच पडते. मुळा, गाजर, बीट यांची जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते.

जागा ठरवण्यापूर्वी एका मोकळ्या दिवशी सकाळी, दुपारी आणि उन्हे कलल्यावर सावलीच्या कडा चुन्याने किंवा खुंट्यांनी आखाव्यात. मात्र एका दिवसाची आखणी वर्षभर पुरत नाही. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे सरकतो आणि ज्या कोपऱ्यात उन्हाळ्यात भरपूर ऊन असते, तिथे हिवाळ्यात घराची सावली दिवसभर मुक्काम ठोकू शकते. मांडव आणि उंच ताटी उत्तर गोलार्धात वाफ्याच्या उत्तरेच्या कडेला आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या कडेला बांधावी, म्हणजे तिची सावली बागेबाहेर पडते.

मोठ्या झाडाजवळच्या वाफ्याचा प्रश्न केवळ सावलीचा नसतो. झाडाची मुळे त्याच्या पानोळ्याच्या कितीतरी पलीकडे पसरलेली असतात, आणि तुम्ही वाफ्याला दिलेले पाणी व खत आधी त्यांच्या वाट्याला जाते. तिथे कितीही शेणखत घातले तरी भाजी खुरटीच राहते. अशी जागा खतकुंडीला द्यावी.

मृद्गंध

ऊन आधी, हे मी मान्य करतो. त्याला जोडून एवढेच सांगेन की ऊन आणि पाणी यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. त्याच बागेतला सावलीचा वाफा उन्हातल्या वाफ्यापेक्षा फार सावकाश सुकतो, आणि तरीही झारी दोन्हीकडे सारखीच फिरवली जाते. मुठीची परीक्षा म्हणूनच प्रत्येक वाफ्यात वेगळी करायला हवी.

चिमूटभर

माझ्याकडे टोमॅटोची झाडे चांगली वाढली आहेत, फळेही लागली आहेत. परंतु फळ सुपारीएवढे होऊन पुढे वाढू लागले की त्याच्या बुडाशी पाणचट डाग पडतो आणि पुढे तो काळा, चामड्यासारखा होतो. कॅल्शियम कमी असल्याचे सांगून अनेकांनी अंड्यांची टरफले मातीत मिसळण्याचा सल्ला दिला, त्याप्रमाणे मी ती चुरून घातली. फरक पडलेला नाही. बुरशीनाशक फवारावे का?

मृद्गंध

चिमूटभर, बुरशीनाशकाने काहीही होणार नाही, कारण हा बुरशीचा रोग नाही. फळाच्या बुडाशी कॅल्शियम पोहोचत नाही, हे खरे. परंतु बहुतेक बागांच्या मातीत कॅल्शियम पुरेसे असते. ते मुळांकडून पाण्याबरोबरच वर चढते आणि जिथून बाष्पोत्सर्जन जास्त, तिकडे म्हणजे पानांकडे, अधिक जाते. फळातून पाणी फारसे उडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला कॅल्शियम आधीच कमी येते. अशात माती चार दिवस कोरडी पडली आणि पाचव्या दिवशी एकदम भिजवली, तर फळाच्या वेगाने वाढणाऱ्या टोकाला तुटवडा भासतो आणि तेथील पेशी मरतात. टरफले मातीत कुजून कॅल्शियम मोकळे व्हायला फार काळ लागतो. आणि मोकळे झाले, तरी ते वाहून नेणारा पाण्याचा प्रवाह अनियमित असल्याने उपयोग होत नाही.

बुडाला डाग पडलेली फळे काढून टाकावीत, झाडाचा भार तेवढाच हलका होतो. ओल एकसारखी राहावी म्हणून वाळलेल्या पालापाचोळ्याचे किंवा गवताचे पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे, फक्त ते खोडाला भिडवू नये. नत्रयुक्त खत काही काळ पूर्ण बंद ठेवावे, कारण नत्राने पानांचा पसारा वाढतो आणि पाने फळांच्या वाट्याचे कॅल्शियम ओढून घेतात. खुरपणी झाडाच्या बुंध्याशी खोलवर करू नये, त्यात वरची मुळे तुटतात. पहिल्या बहराच्या फळांना हा त्रास सर्वांत जास्त होतो आणि ओल स्थिर झाल्यावर पुढची फळे बहुधा निर्दोष येतात. कुंडीतल्या झाडात तो अधिक दिसतो, त्याचेही कारण हेच, की कुंडी भराभर सुकते.

निरीक्षक

पाण्याची ही सगळी चर्चा मातीच्या घडणीवर अवलंबून आहे, म्हणून घरी करता येण्याजोगी एक परीक्षा सांगतो. उभट काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्यावी, खडे आणि काड्या काढाव्यात, वर पाणी भरावे, भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकावा आणि खूप हलवून बरणी स्थिर ठेवावी. पहिल्या मिनिटात जे तळाशी बसते ती वाळू. पुढच्या काही तासांत बसतो तो पोयटा. चिकणमाती बसायला एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. तिन्ही थरांची जाडी पट्टीने मोजली की आपल्या मातीचा स्वभाव कळतो. गंमत अशी की वाळू जास्त निघाली काय किंवा चिकणमाती जास्त निघाली काय, दोन्हींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे पूर्ण कुजलेले सेंद्रिय खत. रेताड मातीत ते पाणी धरून ठेवते, आणि भारी मातीत कणांचे रवाळ ढेकूळ बांधून हवेला वाट करून देते. चिकणमातीत थोडी वाळू मिसळून ती मोकळी करण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. थोड्या वाळूने ती अधिकच घट्ट बसते.

वाफ्यांच्या मापाविषयी माझे ठाम मत आहे. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नको, आणि भिंतीला लागून असलेला वाफा ६० ते ७५ सेंटिमीटरच ठेवावा. मुले काम करणार असतील तर याहून अरुंद. एकदा वाफा आखला की त्यात पाय ठेवायचा नाही, हा नियम घरातल्या सर्वांनी पाळायचा. ओल्या मातीवर एकदा चालले तरी वरच्या थरातील पोकळ्या दाबल्या जातात आणि मृद्गंध ज्या हवेविषयी लिहीत आहेत ती तिथून नाहीशी होते. भारी माती ओली असताना कुदळ मारली तर पडणारी ढेकळे वाळल्यावर दगडासारखी होतात आणि तो हंगाम वाया जातो. जिथे पाणी साचते, तिथे जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफे करावेत.

खणावे की न खणावे यावर बराच वाद होतो. नवी, तुडवलेली जागा असेल, तर सुरुवातीला एकदा खोल खणून खत मिसळणे मला योग्य वाटते. त्यानंतर दरवर्षी माती उलटीपालटी करण्याची गरज नाही. खत वर पसरावे, ते खाली नेण्याचे काम गांडुळे करतात. दरवेळी खणल्याने खोलवर निद्रिस्त असलेले तणांचे बी उजेडात येऊन उगवते आणि सेंद्रिय कर्बही लवकर जळतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी फारशा बोलल्या जात नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. जुन्या घराच्या भिंतीलगतच्या मातीत खरवडून पडलेल्या जुन्या रंगातील शिसे असू शकते. अशा ठिकाणी माती तपासून घेतल्याखेरीज भाजी लावू नये. विशेषतः पालेभाज्या आणि कंद नकोत, कारण त्यांच्याबरोबर मातीचे कण घरात आणि पोटात जातात. दुसरी गोष्ट बाहेरून आणलेल्या शेणखताची आहे. गवताळ कुरणांवर फवारली जाणारी काही तणनाशके, उदाहरणार्थ अमिनोपायरॅलिड, जनावराच्या पोटातून आणि खतातूनही टिकून राहतात आणि टोमॅटो, शेंगवर्गीय पिके यांची पाने त्यामुळे वेडीवाकडी होतात. एका कुंडीत ते खत मातीत मिसळून आणि दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत घेवड्याचे बी लावावे. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंडीतील पाने चुरगळलेली दिसली, तर ते खत बागेत घालू नये. आणि कच्चे शेण तर उभ्या भाजीला कधीच नको, त्यातील रोगजंतू पानांवर येतात. ते निदान चार महिने आधी मातीत गेलेले असावे.

चिमूटभर

टोमॅटोबद्दल आभारी आहे. निरीक्षक, खत घरीच करायचे तर कुजण्याला फार वेळ लागतो आणि वासही येतो, हा आमचा अनुभव आहे. आणखी एक प्रश्न: दुधी आणि दोडका यांना भरपूर फुले येतात, लहान फळेही दिसतात आणि ती पिवळी पडून गळतात. इथेही पाणीच कारण आहे का?

निरीक्षक

वास येणे म्हणजे ढिगात हवा नसणे. तेच तत्त्व इथेही आहे. स्वयंपाकघरातला ओला भाग नत्राने समृद्ध असतो आणि वाळलेला पाला, काड्या, कागदी पुठ्ठा हा भाग कर्बाने. ढिगात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असावे. घरी मोजमाप करणे शक्य नाही, म्हणून आकारमानाने एक भाग ओल्याला दोन ते तीन भाग कोरडा पाला धरावा. ढीग साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच असेल तर आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि काही दिवस ते टिकले, दरम्यान ढीग वर-खाली केला, तर तणांचे बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. लहान कुंडीत एवढी उष्णता होत नाही, म्हणून तिच्यात रोगट झाडे आणि बी धरलेले तण टाकू नये. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी.

वेलमांडव

दुधीच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेसे वाटते. तिथे पाणी हे क्वचितच कारण असते. भोपळावर्गीय वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच असते, परागण झाले नाही तर ते चार-पाच दिवसांत पिवळे पडून गळते. चिमूटभर ज्याला लहान फळे गळणे म्हणतात, ते प्रत्यक्षात परागण न झालेल्या मादी फुलांचे गळणे आहे. वेलीवर सुरुवातीला बरेच दिवस फक्त नर फुलेच येतात, त्यामुळे त्या काळात फळ धरले नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

आता वेळेचा मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. लाल भोपळा, काकडी, कारले आणि घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात आणि मधमाश्या त्यांचे काम करतात. दुधीची पांढरी फुले मात्र संध्याकाळी उमलतात, आणि दोडक्याचीही उन्हे उतरल्यावर. त्यांच्याकडे येणारे मुख्य पाहुणे निशाचर पतंग असतात. घरामागे रात्रभर प्रखर दिवा लावलेला असेल किंवा कीटकनाशकांची फवारणी होत असेल, तर ते येणे कमी होते. सकाळी उठून दुधीच्या फुलांचे हाताने परागण करणाऱ्यांना यश येत नाही, त्याचे कारण तोवर फुले मिटू लागलेली असतात, हेच आहे. संध्याकाळी ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि त्यातील पराग मादी फुलाच्या मधल्या भागाला हलकेच लावावेत. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचे काम होते.

टोमॅटो आणि वांग्याचे गणित निराळे आहे. त्यांच्या फुलात दोन्ही अवयव असतात, परंतु पराग नळीसारख्या पुंकेसरांत बंद असतात आणि हलवल्याखेरीज बाहेर पडत नाहीत. भुंग्यांच्या काही जाती फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. मधमाशीला ही कला येत नाही. वारा आणि भुंगे दोन्ही कमी असतील, तर दुपारच्या आधी फुलोऱ्याला बोटाने टिचकी मारावी. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचे २४ अंशांच्या वर राहू लागले, की टोमॅटोचे पराग निकामी होऊन फुले गळतात. तेव्हा कोणतेही टॉनिक कामाला येत नाही, तापमान उतरण्याची वाट पाहणे एवढेच हाती असते.

आजोळ

किडींचा विषय अजून आलेला नाही, म्हणून लिहिते. फवारणीपूर्वी पान उलटून पाहण्याची सवय घरातल्या मुलांना लावावी. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते आणि त्यांना ते मनापासून आवडते. मावा, पांढरी माशी, कोळी, सगळे पानाखालीच असतात. मिरचीच्या शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली, तर बहुधा तिथे मावा आहे, कारण मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी येतात आणि मित्रकीटकांपासून त्याचे रक्षणही करतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा खाली पाडणे हा पहिला उपाय. ढालकिड्याची अळी काळी-नारिंगी आणि काहीशी भीतिदायक दिसते, म्हणून पुष्कळ जण तिलाच चिरडतात. ती माव्याचा फडशा पाडते, तिला ओळखायला शिकणे फार गरजेचे आहे. निंबोळी अर्क वापरायचा झाल्यास संध्याकाळी, आणि उमललेली फुले वाचवून वापरावा.

मृद्गंध यांच्या मुद्द्याला आणखी एक पुरवणी जोडते. भर दुपारी काकडी-भोपळ्याची मोठी पाने लोंबतात आणि उन्हे उतरली की ती आपोआप ताठ होतात. ती तहान नव्हे. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही पाने लोंबलेलीच असतील, तर माती पाहावी. माती ओली असूनही झाड सुकत असेल, तर एक रोप उपटून मुळे पाहावीत. मुळांवर गाठी दिसल्या की सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, संशय घ्यावा. मात्र घेवडा, चवळी, वाटाणा यांच्या मुळांवरही गाठी असतात आणि त्या हव्या असतात. फरक असा, की नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने सहज निघते आणि चिरल्यावर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती वेगळी करता येत नाही.

फेरपालटाबद्दल, म्हणजे एकाच जागी दरवर्षी वेगळ्या कुळातील पीक लावण्याबद्दल, एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातील पिके आहेत. टोमॅटोच्या जागी पुढच्या वर्षी वांगी लावली, तर फेरपालट झालीच नाही. परंतु चार वाफ्यांच्या लहानशा परसात कितीही फेरपालट केली, तरी किडी दोन मीटर उडून जाऊ शकतात. तिचा खरा लाभ जमिनीतून पसरणाऱ्या रोगांसाठी आहे. सूत्रकृमींसाठी झेंडू लावायचा असेल, तर कडेला चार रोपे पुरत नाहीत. तो वाफा पूर्ण हंगामभर दाट झेंडूलाच द्यावा लागतो.

मृद्गंध

आजोळ, लोंबणाऱ्या पानांचा मुद्दा फार मोलाचा आहे. दुपारी पाने लोंबलेली पाहूनच घरोघरी दुसरी झारी भरली जाते.

लागवडीच्या प्रमाणाविषयी थोडे लिहितो. पहिल्या वर्षी पाच-सहा चौरस मीटर पुरे, आणि घरात जे खरोखर खाल्ले जाते तेच लावावे. पालेभाजी, मुळा, कोथिंबीर एकदम संपूर्ण वाफ्यात पेरण्याऐवजी दर दोन आठवड्यांनी हातभर पट्टा पेरावा, म्हणजे एकदम ढीग आणि नंतर दुष्काळ असे होत नाही. उन्हाळा वाढला आणि दिवस मोठे झाले, की पालक व कोथिंबीर लवकर फुलावर येतात. तेव्हा त्यांचा हट्ट सोडून उष्णता मानवणाऱ्या माठासारख्या भाजीकडे वळावे. विरळणी करताना हात आखडू नये. एकमेकांत गुंतलेली दहा गाजरे कोणत्याच उपयोगाची नसतात.

तोडणी हेही संगोपनच आहे. भेंडी, काकडी, घेवडा यांची फळे कोवळी असताना दिवसाआड तोडली, तर झाड नवी फुले काढत राहते. एखादे फळ पानाआड राहून जून झाले आणि त्यात बी भरू लागले, की झाडाची शक्ती तिकडे वळते आणि बहर मंदावतो.

चिमूटभर

आमच्याकडील दुधीचे एक फळ पानाआड राहून जून झाले आहे, ते बियाण्यासाठी ठेवावे का? जवळच कारले लावलेले आहे. त्याच्यामुळे दुधीत कडवटपणा येतो असे ऐकले आहे.

आजोळ

कारल्याच्या शेजाराने दुधी कडू होत नाही. दोन्ही वेगळ्या प्रजाती आहेत, त्यांचा संकर होत नाही. शिवाय संकर झाला, तरी त्याचा परिणाम त्या वर्षीच्या फळाच्या गरावर दिसत नसून त्याच्या बियांतून वाढणाऱ्या पुढच्या पिढीत दिसतो. दुधीचा संकर दुसऱ्या दुधीशीच होतो. आसपास कडू जातीचे रानदुधी किंवा शोभेसाठी लावलेले दुधी असतील, तर तुमच्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळे येऊ शकतात. बी हमखास जातिवंत हवे असेल, तर संध्याकाळी उमलण्यापूर्वी मादी आणि नर फुले दोऱ्याने किंवा कागदी पिशवीने बांधून ठेवावीत, हाताने परागण करावे आणि फूल पुन्हा बांधावे. आपोआप धरलेल्या फळाबाबत ही खात्री देता येत नाही. टोमॅटो आणि घेवडा बहुतांशी स्वपरागित असल्याने नवशिक्यांनी बी धरण्याची सुरुवात त्यांच्यापासून करावी, आणि संकरित वाणाचे बी धरू नये, कारण त्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाही.

दुधी कडू लागला, तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा. दुधी, काकडी, भोपळा, घोसाळे यांतील असाधारण कडवटपणा कुकुरबिटासिन या द्रव्यांमुळे येतो. ती शिजवल्यानेही नष्ट होत नाहीत आणि त्यांच्यामुळे तीव्र उलट्या, जुलाब, प्रसंगी रक्तस्राव होऊ शकतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटनाही नोंदवल्या गेल्या आहेत. कारल्याचा कडवटपणा निराळ्या द्रव्यांचा असतो, त्याच्याशी याची तुलना करू नये. फळ चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला, तर थुंकून टाकावा आणि संपूर्ण फळ खतकुंडीत घालावे. त्यातील बी तर अजिबात राखू नये.

फळ गोड निघाले आणि बी ठेवायचेच ठरले, तर ते वेलीवर पूर्ण वाळू द्यावे, हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. बिया सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात, बाटलीवर वाण आणि वर्ष लिहावे. भोपळावर्गीय बी चार-पाच वर्षे टिकते, टोमॅटोचेही जवळपास तेवढेच; घेवडा तीन वर्षे, भेंडी दोन, आणि कांद्याचे बी एक-दोन वर्षांतच उगवणशक्ती गमावते. पेरण्याआधी दहा बिया ओलसर कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात आणि आठवड्या-दीड आठवड्याने मोजाव्यात. सातपेक्षा कमी उगवल्या, तर त्या प्रमाणात दाट पेरावे. तीन-चारच उगवल्या, तर नवे बी आणावे.